‘लेझर घड्याळ’ घेण्याआधी मिलिवॅट विचारा

कापूस विकून हातात चार पैसे आले की आमच्या अमळनेर तालुक्यात मोफत आरोग्य शिबिरांचं पीक येतं. गेल्या हंगामात अशाच एका शिबिरातून नाना, म्हणजे माझे वडील, साडेअठरा हजारांचं ‘लेझर घड्याळ’ आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन आले. घड्याळ मनगटावर बांधायचं, त्याने रक्त पातळ होतं. पट्ट्याने गुडघा बरा होतो. ऑपरेशन टळतं. असं सांगितलेलं.

शिबिर मंदिराच्या सभामंडपात होतं. पांढरा कोट घातलेल्या पोराने नानांच्या हातात एक पितळी दांडी धरायला दिली, लॅपटॉपवर रंगीत रेघा नाचल्या आणि प्रिंटरमधून रिपोर्टचा गठ्ठा निघाला: रक्त जाड, कॅल्शियम कमी, सांध्यातलं वंगण संपत आलेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने आपलं वय ७० सांगून तीच दांडी धरली, तर एकविसाव्या वर्षी त्याचंही वंगण संपलं! रक्त न घेता, नुसती दांडी धरून कॅल्शियम मोजता येत नाही.

विकणारा परका नव्हता, नात्यातलाच जावई. ‘मामा, तुमच्याकडून कमिशन घेईन का मी?’ म्हणाला. साखळीतली विक्री अशीच चालते. परक्याला नाना दारातूनच परत पाठवतात.

आता यातली खरी गोम. कमी शक्तीच्या लेझरचा उपचार हे थोतांड नाही. बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांवर लेझर सोडला, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. तिथून हा विषय सुरू झाला. मानदुखीवरच्या चाचण्यांचा आढावा २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्यात दुखणं कमी झाल्याचं दिसलं. जावयाच्या माहितीपत्रकात हे दोन्ही छापलेलं होतं. फक्त मान होती तिथे गुडघा आला, आणि त्या चाचण्यांतली यंत्रं कुठली आणि हे कुठलं, याबद्दल अवाक्षर नाही.

या उपचारात नुसत्या लाल उजेडाला किंमत नाही, मात्रेला आहे, आणि मात्रा ज्यूलमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या मापात, मोजतात. मिलिवॅट म्हणजे लेझरची शक्ती. पाच मिलिवॅटच्या लेझरला एक ज्यूल द्यायला २०० सेकंद लागतात. एका जागी चार ज्यूल द्यायचे म्हटले तर तेरा मिनिटांच्या वर. आमचा पट्टा दहा मिनिटांत आपोआप बंद व्हायचा. खोक्यावर ‘८०८ नॅनोमीटर’ ठळक छापलेलं, मिलिवॅट मात्र कुठेच नाही. नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप. ८०८ म्हणजे अवरक्त, डोळ्याला जवळपास न दिसणारा प्रकाश. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर टीव्हीचा रिमोट दाबला तर त्याचा अवरक्त दिवा बहुतेक फोनमध्ये चमकताना दिसतो. आमच्या फोनमध्येही दिसला. मग पट्टा धरला, डोळ्यांसमोर नाही, कॅमेऱ्यासमोर. लाल ठिपक्यांखेरीज काही नाही. शेवटी टीव्ही दुरुस्तीवाल्याने पट्टा उसवला. आत साधे लाल एलईडी. कडेला दोन लेझर, तेही खेळण्यातल्या पॉइंटरच्या जातीचे. नाना एवढंच म्हणाले, ‘लाल उजेड पडस, गुडघा तसाच दुखस.’

पैसे गेले ते गेले, पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. त्याच जावयाने आईला सांगितलं होतं, घड्याळ सुरू केलं की साखरेची गोळी निम्मी करा. आईने केली. उपाशीपोटी साखर ३१० वर गेली, तेव्हा आम्हाला कळलं. मधुमेह, रक्तदाब, संधिवात बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधं आणि जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने केव्हाच बंद केलेली आहे. तरीही हे सगळं माइकवर बोललं जातं.

परत घ्या म्हटल्यावर ‘सील फोडलं’ हे उत्तर. बिल मागितलं तर कच्ची पावती, तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना कंपनीचा पत्ता. वर नातेवाइकांचे फोन: घरातली गोष्ट घरात मिटवा. मी मिटवली नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार होत आहेत. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयचा स्क्रीनशॉट, खोक्याचे फोटो आणि जावयाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आम्ही जपून ठेवलेत. ते पुसू नका, कितीही गयावया केली तरी.

अजून घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी मागा: यंत्र किती मिलिवॅटचं, वैद्यकीय उपकरण म्हणून त्याचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक काय, आणि डोळ्यांचा संरक्षक चष्मा सोबत आहे का. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार घरी येणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र लागतं, आधी वेळ ठरवूनच यावं लागतं. आमच्या जावयाला ओळखपत्र मागितलं, तर तो रुसला. पुढचं शिबिर पारोळ्याकडच्या एका गावात लागणार आहे असं ऐकतो.