टॉम यमच्या जुडीसाठी क्रॉफर्ड की पाली नाका?

टॉम यम या आंबट-तिखट थाई सुपाची कृती सांगत बसत नाही, ती येतच असेल. दादरसारख्या मधल्या ठिकाणी राहणाऱ्याचं अडतं ते लेमनग्रास, गलंगल (आल्याच्या कुळातला कंद) आणि थाई लिंबाच्या पानांपाशी. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच. दादरला पुदिन्याशेजारी त्याच्या जुड्या असतात, पण त्या चहासाठी कापलेल्या, नुसती पाती. सुपाला हवा असतो पांढरा बुडखा, आणि तो शेतातच राहिलेला असतो.

मग एकतर बांद्र्याचा पाली नाका, नाहीतर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. दोन-अडीच वर्षं मी दोन्हीकडे जातोय.

सोयीला पाली नाक्याला तोड नाही. वेस्टर्नची गाडी, स्टेशनबाहेर रिक्षा, तासाभरात परत घरी. मार्केट छोटं, माल नीट पुसूनपासून मांडलेला. टॉम यमचं तयार पाकीट मिळतं, तिन्ही जिन्नस एका वेळेपुरते. भाव थोडा चढा, पण वाया काही जात नाही.

क्रॉफर्डला सीएसएमटीहून गर्दीतून चालत जायचं, डोक्यावर पाटी घेतलेल्या हमालांना वाट द्यायची. १८६९ सालची इमारत, उंच छत, खाली उजेड बेताचा. घासाघीस करावी लागते. ती मला जमत नाही, बायकोला जमते. शिवाय पावशेराखाली गलंगल मागितलं की भाजीवाल्याचं तोंड वाकडं. एवढं ऐकून कोणीही बांद्र्याचीच गाडी धरेल. मीही धरत होतो.

माझं बिनसलं ते त्या पाकिटावरून. थर्माकोलचा ट्रे आणि वर ताणून बसवलेलं प्लास्टिक. वास घेता येत नाही, उलटून पाहता येत नाही. एकदा सासरे जेवायला यायचे होते. कोलंबीची डोकी परतून, पाणी उकळत ठेवून पाकीट फोडलं, तर सुरी आरपार गेली. गलंगल असं कापलं जात नाही, लाकडासारखं लागतं. त्याची साल फिकट, अंगावर गोल रेघा, कोंब गुलाबीसर आणि वास थोडा कापराकडे झुकणारा. हे साधं आलं होतं. सासऱ्यांनी दोन चमचे घेतले आणि विचारलं, "कोणाला सर्दी झालीय का?"

पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून घेतलं. गलंगल खरं निघालं, पण पानं वरची दोन हिरवी आणि खालची काळी. दुकानदारानं बदलून दिलंही असतं, पण रात्री साडेआठला गॅसवर पातेलं असताना बांद्र्याला कोण जाणार?

क्रॉफर्डचा भाजीवाला कितीही कुरकुरला तरी कांड्याला नख लावून नाकासमोर धरतो. "सूंघो." लेमनग्रासचा बुडखा दाबून पाहता येतो, सुकून पोकळ झालेला बाजूला टाकता येतो. लिंबाचं पान जोडपान आहे ना, एकाच्या टोकाला दुसरं, हे तिथल्या तिथे दिसतं. चुरगाळलं की उरलेली शंका जाते. पावशेराची तक्रारही फारशी उरली नाही. चकत्या करून फ्रीजरमध्ये टाकल्या, पानंही टाकली, महिनोन्‌महिने पुरतात.

(सुकं गलंगल म्हणजे कोष्ठकोळिंजन, गाणारे घशासाठी तोंडात धरतात ते. काष्ठौषधीवाल्याकडून आणून तेही घालून पाहिलं. काढा झाला.)

वर्षातून दोनदा करणार असाल आणि घर वेस्टर्नला असेल, तर पालीच बरी पडेल, वाद घालणार नाही. फक्त पाकीट तिथेच फोडून दाखवायला सांगा. आमच्या फ्रीजरमध्ये आता सहा-सातच चकत्या उरल्यात, त्यामुळे शनिवारी सीएसएमटीची गाडी. बायकोही येतेय, भाव करायला.