पेन ड्राइव्हचे ‘लॉक’ काढून देणाऱ्या हेल्पलाइनपासून सावध राहा

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात दरवर्षी व्याख्यानमाला भरते आणि तिचे ध्वनिमुद्रण आम्ही जपून ठेवतो. कार्यालयातील संगणकाची हार्ड डिस्क मध्यंतरी बदलावी लागली, त्यामुळे काही जुन्या वर्षांची व्याख्याने केवळ एका पेन ड्राइव्हवर उरली होती. या वर्षीची व्याख्याने त्यावर चढवायला घेतली तेव्हा ‘द डिस्क इज राइट-प्रोटेक्टेड’ असा संदेश आला. जुनी व्याख्याने व्यवस्थित वाजत होती, मात्र नवी फाइल चढत नव्हती, जुनी पुसली जात नव्हती आणि फाइलचे नावही बदलता येत नव्हते.

वाचनालयाचा चिटणीस या नात्याने मी ड्राइव्हच्या कंपनीचे नाव आणि ‘कस्टमर केअर’ हे शब्द घालून इंटरनेटवर शोध घेतला. सर्वांत वर एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि शेजारी कंपनीचे बोधचिन्ह दिसले. तो क्रमांक कंपनीचा नव्हता, हे नंतर वेष्टनावरील क्रमांकाशी ताडून पाहिल्यावर कळले. फोन उचलणारा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. “सर, आपका ड्राइव्ह हमारे सर्वर से लॉक हुआ है, पाँच मिनट में खोल देता हूँ,” असे सांगून त्याने आमच्या संगणकावर दूरून ताबा देणारे ॲप घ्यायला लावले. असे ॲप मुळात वाईट नसते, अनेक कार्यालयांत ते रोज वापरतात. परंतु त्याचा नऊ-दहा आकडी क्रमांक अनोळखी माणसाला सांगून परवानगीचे बटण दाबले की आपला पडदा, कीबोर्ड आणि माउस त्याच्या हाती जातात. याच प्रकारच्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केले होते.

त्यानंतर त्याने जे केले ते मी मुद्दाम तपशिलाने लिहितो आहे, कारण सगळी हातचलाखी तिथेच आहे. त्याने काळी कमांड खिडकी उघडली, ‘डिस्कपार्ट’ हे विंडोजमधील डिस्क हाताळण्याचे साधन सुरू केले, आमचा ड्राइव्ह निवडला आणि ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ ही आज्ञा दिली. लगेच ‘डिस्क ॲट्रिब्यूट्स क्लिअर्ड सक्सेसफुली’ अशी ओळ उमटली. त्या ओळीवर माउस फिरवत “देखिए सर, हो गया” असे तो म्हणाला आणि सेवाशुल्क २,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे २,३६० रुपये क्यूआर कोडवर मागितले. पडद्यावर ‘सक्सेसफुली’ दिसत असल्याने मी पैसे पाठवले. पावतीही आली. तिच्यावर जीएसटीची रक्कम होती, पण नोंदणीकृत व्यावसायिकाचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता.

वास्तविक ही आज्ञा विंडोजमध्ये फुकट उपलब्ध आहे आणि तिचा ‘यशस्वी’ संदेश ड्राइव्ह दुरुस्त झाल्याचा पुरावा नव्हे. ती फक्त विंडोजने स्वतः ठेवलेली ‘केवळ वाचा’ ही खूण पुसते. खरी स्थिती पाहायची तर त्याच खिडकीत ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क’ एवढेच लिहावे. तिथे ‘करंट रीड-ओन्ली स्टेट’ आणि ‘रीड-ओन्ली’ अशा दोन वेगळ्या ओळी येतात. दुसरीसमोर ‘नो’ आणि पहिलीसमोर मात्र ‘येस’ असेल, तर विंडोजने अडवलेले नाही, ड्राइव्ह स्वतःच लिहू देत नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमच्या ड्राइव्हचे नेमके हेच होते. हे मला गावातील एका जाणकार तंत्रज्ञाने नंतर दाखवले.

अर्थात फाइल चढवायला गेल्यावर तोच जुना संदेश पुन्हा आला. तेव्हा त्या माणसाने आत व्हायरस असल्याचे सांगितले आणि मला काही न विचारता ‘क्लीन’ ही आज्ञा दिली. ही आज्ञा डिस्कवरील विभाजनाची नोंदच पुसून टाकते. त्यानंतर ड्राइव्ह रिकामा दिसतो आणि फाइली मिळवण्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. आमच्या सुदैवाने ‘द मीडिया इज राइट प्रोटेक्टेड’ अशी त्रुटी येऊन ती आज्ञा फसली. जे लॉक काढण्याचे पैसे त्याने घेतले होते, त्याच लॉकमुळे आमची व्याख्याने वाचली. पुढे त्याने ‘लेव्हल टू लायसन्स’साठी ५,९०० रुपये मागितले, मी नकार दिल्यावर “रिफंड करतो, बँकेचे ॲप उघडा” असे म्हणू लागला. तेव्हा मी इंटरनेटची केबल काढली आणि ते ॲप संगणकावरून काढून टाकले. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, तो पैसे पाठवताना लागतो.

आता या बिघाडाविषयी. पेन ड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीचे कप्पे ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात. खराब झालेल्या कप्प्यांच्या जागी राखीव कप्पे वापरले जातात. ते संपत आले किंवा आत काही गंभीर दोष आढळला, की ड्राइव्हमधील नियंत्रक चिप उरलेला मजकूर सुरक्षित राहावा म्हणून लिहिणेच बंद करते. हे लॉक कोणत्याही सर्व्हरवरून लागत नाही आणि फोनवरून निघत नाही. काही नामांकित कंपन्या आपल्या अधिकृत मदत-पानावर, अशा ड्राइव्हवर उपाय नाही, मजकूर उतरवून घ्या आणि वॉरंटीत ड्राइव्ह बदलून घ्या, असे स्पष्ट लिहितात.

म्हणून हा संदेश दिसताच दुरुस्तीच्या मागे न लागता आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. ड्राइव्ह वाचता येतो आहे तोवरच ही संधी असते, आणि ती किती काळ टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्यानंतर ड्राइव्हला, किंवा मेमरी कार्ड असेल तर त्याच्या ॲडॅप्टरला, कडेला लिहिणे अडवणारे सरकते बटण आहे का ते पाहावे. मग तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तिथे लिहिता आले तर दोष पहिल्या संगणकात आहे. बहुधा रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीतील, ‘स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज’खालील ‘राइट प्रोटेक्ट’ ची किंमत १ झालेली असते आणि ती ० करावी लागते. कार्यालयाच्या संगणकावर ही बंदी प्रशासकाने मुद्दाम घातलेली असू शकते, तेव्हा त्याला विचारावे. इंटरनेटवर मिळणारी ‘लो-लेव्हल फॉरमॅट’ची अनोळखी साधने मात्र चालवू नयेत, त्यांनी मजकूर तर जातोच, वर संगणकात नको ते शिरते.

आम्ही त्याच संध्याकाळी १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिच्यासाठी यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, समोरच्याचा फोन क्रमांक, क्यूआर कोडवरील नाव आणि पडद्याची छायाचित्रे लागतात. पैसे पुढच्या खात्यात वळवण्याआधी ते गोठवता यावेत म्हणून इथे तास महत्त्वाचे असतात. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवले, मात्र पिन आपण स्वतः टाकलेला असल्यामुळे अनधिकृत व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिलेले संरक्षण अशा प्रकरणात सहजासहजी लागू होत नाही. हे लिहीपर्यंत आमची रक्कम परत आलेली नाही. व्याख्याने सगळी उतरवून झाली आहेत. तो क्रमांक शोधाच्या निकालात बनावट म्हणून कळवला आहे. असा क्रमांक ज्यांना दिसेल, त्यांनी त्या निकालाशेजारील तक्रारीच्या पर्यायातून तो अवश्य कळवावा.