डेमो पाहून एएमएफ पॅनलचे पैसे देऊ नका

नागपुरात वर्धा रोडलगतच्या एका सोसायटीने ६२.५ केव्हीएच्या जुन्या जनरेटरला एएमएफ (ऑटो मेन्स फेल्युअर) पॅनल, म्हणजे लाइन गेली की जनरेटर आपोआप सुरू करणारी पेटी, बसवून घेतलं. ठेकेदाराने मेनचा एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) खाली पाडून दाखवला, काही सेकंदांत जनरेटर सुरू झाला, जिन्यातले दिवे लागले आणि कमिटीने उरलेली रक्कम देऊन टाकली. मे महिन्यात एक फेज गेला तेव्हा पॅनल ढिम्म. लिफ्टच्या फेज प्रिव्हेंटरने (फेज गेला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाने) मोटर वाचवली, पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. पाण्याच्या ज्या पंपाला प्रिव्हेंटर नव्हता त्याची वाइंडिंग जळाली.

मेख डेमोतच होती. एमसीसीबी पाडला की तिन्ही फेज एकदम शून्यावर येतात, आणि एवढं ओळखायला कुठलाही साधा रिले (कॉइलवर चालणारा छोटा स्विच) पुरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात लाइन इतकी सरळ जात नाही. एखादाच फेज उडतो, कूलर-एसीच्या लोडने व्होल्टेज पडतं, वादळात लाइन येते आणि लगेच पुन्हा जाते. पॅनलची खरी परीक्षा तिथे होते.

त्या सोसायटीच्या पॅनलचं दार उघडल्यावर आत कंट्रोलर नव्हताच. दोन टायमर, एक रिले, आणि रिलेची कॉइल आर, वाय, बी या तीन फेजपैकी फक्त आर फेजवर. दारावर जो डिजिटल डिस्प्ले ‘कंट्रोलर’ म्हणून दाखवला होता तो नुसता व्होल्टमीटर होता. अशी कॉइल एकदा ओढली गेली की व्होल्टेज बरंच पडलं तरी सुटत नाही, त्यामुळे कमी व्होल्टेजही तिला कळत नाही. खरा एएमएफ कंट्रोलर तिन्ही फेज वेगवेगळे पाहतो. बिघाड ३ ते ५ सेकंद टिकला तर क्रँक देतो (स्टार्टरने इंजिन फिरवतो), इंजिन नाही लागलं तर थांबून पुन्हा देतो, आणि तीन प्रयत्नांनंतर अलार्म देऊन थांबतो. जनरेटरचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्थिर झाल्यावरच लोड घेतो. लाइन आल्यावर दोन-तीन मिनिटं ती टिकते का पाहतो, मग लोड परत देतो आणि इंजिन थंड होण्यासाठी थोडा वेळ रिकामं चालवतो.

दुसरी लबाडी कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे लोड लाइनवरून जनरेटरवर नेणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये. ६२.५ केव्हीए म्हणजे ४१५ व्होल्टवर साधारण ८७ अँपिअर. कोटेशनमध्ये ‘१०० अँपिअर’ लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, फक्त तो आकडा एसी-१ वर्गाचा होता, म्हणजे हीटरसारख्या लोडसाठीचा. मोटरसाठीचा एसी-३ आकडा त्याच कॉन्टॅक्टरवर बराच कमी असतो. शिवाय एसी-१ चा मोठा आकडा कॅटलॉगमध्ये बहुधा ४० अंशांचा असतो, आणि आपल्याकडे बाहेरच ४५ अंश होतात, बंद पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. लिफ्ट आणि पंप चालवायचे असतील तर एसी-३ चा आकडा ८७ च्या वर मागा, म्हणजे ९५ अँपिअरचा नग. ‘स्टँडर्ड मेक’ किंवा ‘समतुल्य’ असे शब्द कोटेशनमध्ये राहू देऊ नका. मेक, मॉडेल नंबर आणि एसी-३ रेटिंग तिन्ही लिहून घ्या.

सगळ्यात घातक गोष्ट इंटरलॉकची, म्हणजे दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागू न देणाऱ्या अडसराची. लहान कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले आणि दुसरा कॉन्टॅक्टर लागला तर लाइन आणि जनरेटर समोरासमोर येतात. लाइन गेलेली असताना असं झालं तर जनरेटरचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून उलटा ११ केव्हीच्या तारांवर चढतो, आणि खांबावर महावितरणचा माणूस काम करत असू शकतो. म्हणून दोन कॉन्टॅक्टरच्या मध्ये मेकॅनिकल इंटरलॉक हवा, आणि शिवाय एकाचा एनसी संपर्क (कॉन्टॅक्टर लागला की तुटणारा) दुसऱ्याच्या कॉइलमध्ये सिरीजला हवा. या पॅनलमध्ये दोन्ही नव्हते, फक्त टायमरवर भरवसा होता. दोन्ही सप्लाय पूर्ण बंद करून परवानाधारक वायरमनने एक कॉन्टॅक्टर हाताने दाबून धरावा. दुसरा दाबला गेला तर पॅनल ताब्यात घेऊ नका.

कॉन्टॅक्टरही तीन पोलचे निघाले, म्हणजे फेज तोडणारे पण न्यूट्रल न तोडणारे, दोन्हीकडचे न्यूट्रल एकाच पट्टीवर जोडलेले. जनरेटरच्या न्यूट्रलला स्वतःचं अर्थिंग असतं, त्यामुळे हे दोन न्यूट्रल कायम जोडून ठेवले की जमिनीतून करंट फिरतो आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारे ब्रेकर) विनाकारण ट्रिप होतात. चार पोलचा चेंजओव्हर मागा. दार उघडून पोल मोजायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

‘ऑटोमॅटिक लोड मॅनेजमेंट’ हे कोटेशनमधलं सर्वांत महाग आणि सर्वांत पोकळ वाक्य होतं. ७.५ एचपीचा पंप साधारण ११ अँपिअर घेतो, पण डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना सहापट. दोन पंप एकदम उचलले तर १३० अँपिअर, ८७ च्या जनरेटरवर. व्होल्टेज कोसळतं, कॉइल सुटतात, कॉन्टॅक्टर कडकड वाजत राहतो आणि पॉइंट तिथेच जळतात. लोड मॅनेजमेंट म्हणजे प्रत्येक फीडरला (दिवे, लिफ्ट, पंप यांच्या वेगवेगळ्या लाइनला) वेगळा कॉन्टॅक्टर. आधी दिवे आणि एक लिफ्ट, १० सेकंदांनी दुसरी, मग एकेक पंप. जनरेटरचा लोड ८५-९० टक्क्यांवर गेला की पंप आपोआप सुटला पाहिजे. कोणता फीडर कितव्या सेकंदाला लागणार, याचा तक्ता नसेल तर त्या ओळीचे पैसे देऊ नका.

बॅटरीचंही बघा. मेनवरचा चार्जर नसेल तर आठवडे बंद असलेल्या जनरेटरची बॅटरी उतरते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर फ्लोटला (चार्जर भरलेली बॅटरी टिकवून धरत असताना) १३.५ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. खरा कंट्रोलर बसवला असेल तर त्याचा पासवर्ड आणि सेटिंगची छापील प्रत घ्या, नाहीतर प्रत्येक बदलासाठी त्याच ठेकेदाराचं एएमसी (वार्षिक देखभाल करार) गळ्यात पडतं. सीटी (करंट मोजण्यासाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर) १००/५ चा आणि कंट्रोलरमधलं सेटिंग ५०/५ चं असेल तर डिस्प्लेवर लोड निम्माच दिसतो. क्लॅम्प मीटर लावून ताडून पाहा.

ताबा घेण्याची चाचणी भर दुपारी, लिफ्ट आणि पंप चालू असताना, इंजिन पूर्ण थंड असताना घ्या. वायरमनकडून सेन्सिंगचा (लाइनचं व्होल्टेज पाहणाऱ्या वायरींवरचा) एकेक फ्यूज काढून आर, वाय, बी तिन्हींसाठी जनरेटर लागतो का पाहा. फ्यूज एकच असेल तर उत्तर तिथेच मिळालं. किमान १० टक्के रक्कम पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायची अट वर्क ऑर्डरमध्येच घाला.

फसवणूक आधीच झाली असेल तर दुसऱ्या मिस्त्रीला पॅनलला हात लावू देण्याआधी आतले फोटो आणि कॉन्टॅक्टरवरच्या लेबलांचे फोटो काढा, काढलेले नग भंगारात देऊ नका. ठेकेदाराला लेखी नोटीस द्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कोटेशन, वर्क ऑर्डर आणि जीएसटी बिल एकाच फाइलला लावून ठेवा. रोखीने, बिलाशिवाय दिलेले पैसे तिथे सिद्ध करणं फार कठीण जातं.