सारखा रीस्टार्ट होणारा कॉम्प्युटर: घरचा इन्व्हर्टर की वेगळा यूपीएस?

आमचं घर गावाच्या टोकाला, वावराकडच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे. वरूड तालुका, संत्र्याचा पट्टा. डिसेंबरात बागा ताणावर सोडलेल्या असतात आणि जानेवारीच्या मध्यात आंबिया बहाराचं पाणी सुरू झालं की शिवारातल्या सगळ्या मोटरी कामाला लागतात. दोन वर्षांपूर्वी नेमका त्याच दिवसांत आमचा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मुलगी तेव्हा बारावीला होती. सराव पेपर सोडवता सोडवता स्क्रीन काळी व्हायची आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. बायकोचा बचत गटाचा हिशेब एका आठवड्यात तीनदा अर्धवट राहिला.

ज्यांच्या घरी हेच चाललं आहे आणि ‘इन्व्हर्टर तर आहेच, त्याच्यावरच टाकू का कॉम्प्युटर?’ असा विचार जे करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी दोन्ही वापरून पाहिलं. एप्रिल ते नोव्हेंबर इन्व्हर्टर आणि तेव्हापासून आजपर्यंत यूपीएस, म्हणजे फक्त कॉम्प्युटरसाठीचा बॅटरीचा छोटा डबा.

त्याआधी एक गोष्ट. दोष लाइनचाच आहे याची खात्री करा, नाहीतर दोन्हींवरचा पैसा पाण्यात जाईल. माझा तसा गेला. दुकानात दोनदा विंडोज नव्याने टाकून झालं, रॅमचे पाय खोडरबरने घासून झाले, पंख्यात अडकलेली कापसाची रुई ब्लोअरने उडवून झाली. रुई काढल्यावर मशीन थंड चालू लागलं, हा फायदा झाला, पण रीस्टार्ट काही थांबेना. शेवटी मी विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदी पाहिल्या. दर वेळी तीच नोंद: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. मात्र तिच्या तपशिलात बगचेक कोड (विंडोज देतं तो बिघाडाचा आकडा) शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवण्याइतकाही वेळ मिळालेला नसतो, आणि संशय वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) किंवा उष्णता यांच्याकडे वळतो. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर आधी रॅम आणि ड्रायव्हर तपासा. पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही.

माझ्याकडे शून्य होता. मग एका जुन्या वहीत मी रीस्टार्टची वेळ लिहायला लागलो. एका आठवड्यात नोंदी सकाळी साडेआठच्या आसपास, पुढच्या आठवड्यात रात्री दहाच्या पुढे, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सकाळी. वही बायकोने पाहिली आणि म्हणाली, “अहो, ही तर मोटरीच्या लाइनची वेळ आहे.” खरंच तसं होतं. थ्री फेज, म्हणजे मोटरीची लाइन, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाइन आली की ऑटो स्टार्टर लावलेल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी आमच्या घरातला बल्ब मिणमिणतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. लाइन पूर्ण गेली तर मशीन साधारणपणे बंदच राहतं. डोळ्याची पापणी लवावी तेवढा वेळ व्होल्टेज बसलं तर ते रीस्टार्ट होतं. हा फरक मला आधी माहीत असता तर दोनदा विंडोज टाकावं लागलं नसतं.

पक्कं करायला कॅबिनेट चार दिवस अमरावतीला साळ्याच्या घरी ठेवलं. एकदाही रीस्टार्ट नाही. तुमची तशी सोय असेल तर व्होल्टेज मोजायचं मीटर-बीटर विकत घेण्याआधी हेच करा.

आता मूळ प्रश्न.

इन्व्हर्टरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मी मनापासून सांगतो. तो घरात आधीच आहे. दीडशे एएचची (एएच हे बॅटरीच्या साठ्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी आहे, तिच्यावर कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ऐंशी-नव्वद वॉटचा भार काहीच नाही. पंखे, दिवे चालवूनही आम्हाला अडीच-तीन तास मिळायचे. पाणी वेळेवर टाकलं तर अशी बॅटरी चार-पाच वर्षं सहज जाते. लाइन गेल्यावर पोरीला उठावं लागत नव्हतं, अभ्यास तसाच चालू. यूपीएसवर हे सुख नाही, तिथे पंधरा-वीस मिनिटांत काम आवरतं घ्यावं लागतं. एक अट मात्र पाळा: साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच गुळगुळीत लाट देणारा इन्व्हर्टर असला तरच कॉम्प्युटर जोडा. स्क्वेअर वेव्हवर पंखा घुंई करतो तसाच एसएमपीएसही त्रासतो, आणि चांगल्या प्रतीचा, अॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज एकसारखी ओढणारं सर्किट असलेला) एसएमपीएस तर कधी कधी चालतच नाही.

माझं इन्व्हर्टरशी बिनसलं ते त्याच्या मागच्या एका बारीक बटनामुळे. वरूडहून जोडणी करायला आलेल्या पोराने ते मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. “काका, याले मागं एक बटन आहे, कॉम्प्युटर लावला तर ते यूपीएसवर ठेवा.” बऱ्याच इन्व्हर्टरला हे सरकतं बटन असतं. एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. यूपीएस मोडमध्ये लाइन गेल्यावर इन्व्हर्टर दहा-पंधरा मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. इको मोडमध्ये त्याला चाळीसपर्यंत लागू शकतात. साधा एसएमपीएस लाइन नसताना पूर्ण भारावर पंधरा-सोळा मिलिसेकंद दम धरतो, हलक्या भारावर थोडा जास्त. म्हणजे कॉम्प्युटरसाठी यूपीएस मोडच हवा, यात वाद नाही.

पण त्या मोडची दुसरी बाजू अशी की व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइन गेली असंच धरतो आणि सगळं घर बॅटरीवर घेतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सायंकाळी सात ते दहा मल्टिमीटर १६८, १७२, १७५ असे आकडे दाखवायचा. लाइन आहे, शेजाऱ्यांचे दिवे लागलेले आहेत, आणि आमचं घर मात्र तीन तास बॅटरी खात बसलेलं. चार्जिंगही तेवढा वेळ बंद. रात्री अकराला लाइन खरोखर जायची तेव्हा इन्व्हर्टर अर्ध्या तासात कूं कूं करत मान टाकायचा. वरूडचा मे महिना तुम्हाला माहीत असेल. आई ऐंशीच्या घरातली, तिच्या खोलीतला पंखा बंद पडायचा आणि ती ओल्या पदराने स्वतःला वारा घालत बसायची. हे मला बघवत नव्हतं.

मग बटन इकोवर सरकवलं. तिथे तो शंभर-एकशेदहा व्होल्टपर्यंत लाइनच पुढे देत राहतो. बॅटरी वाचली, आईचा पंखा रात्रभर चालला, आणि कॉम्प्युटर पुन्हा रीस्टार्ट व्हायला लागला. मग सुरू झालं रोजचं सरकवणं. मुलगी अभ्यासाला बसली की कपाटामागे हात घालून बटन यूपीएसवर, उठली की इकोवर. सरकवायचं राहिलं की एकतर तिचं काम गेलं, नाहीतर आईचा पंखा. जूनमध्ये पाऊस लागला, मोटरी थांबल्या आणि हा प्रश्नच राहिला नाही. मला वाटलं, सुटलो. नोव्हेंबरात हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि तेच पहिल्यापासून.

हे घडतं का, ते नीट समजून घ्या, कारण निवड याच्यावरच ठरते. इन्व्हर्टर व्होल्टेज सुधारत नाही. लाइन जशी येते तशी पुढे देतो, किंवा ती नाकारून बॅटरीवर जातो. तिसरा मार्ग त्याच्याकडे नाही. त्यात भर म्हणजे साध्या एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ला जेवढी साठते, त्याच्या साधारण अर्धी १७० ला. अमरावतीत जो झटका मशीन सहज पचवेल, तोच आमच्याकडे सायंकाळी त्याला आडवा करतो. यूपीएस मोडमध्येही महिन्यातून दोन-तीन रीस्टार्ट व्हायचेच, त्याचं कारण मला हेच दिसतं.

यूपीएस घेताना मी एवढीच एक गोष्ट पाहिली: लाइन-इंटरॅक्टिव्ह हवा, आत एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरणारं सर्किट) असलेला. त्याच्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. लाइन १७० ची आली तर आतली जोडणी (टॅप) बदलून तो ती वर उचलतो, बॅटरीला हात न लावता. माझा १४० पर्यंत झेपतो असं खोक्यावर छापलं आहे. तिथवर पाहायची वेळ आली नाही, पण १६० ला तो शांतपणे चालताना मी पाहिला आहे. मोटरीची लाइन आली की आतून रिलेचा ‘कट्’ असा आवाज येतो, बल्ब मिणमिणतो, आणि स्क्रीन जशीच्या तशी. पहिल्या रात्री तो आवाज झाला तेव्हा मुलगी आणि मी दोघंही हातातलं काम थांबवून स्क्रीनकडे पाहत राहिलो. काहीच झालं नाही. त्या दिवसापासून वहीत नोंद करायची गरज पडलेली नाही.

सहाशे व्हीएचा आहे (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचं माप), म्हणजे वॉटमध्ये ३६०. मला साडेतीन हजारांच्या आत पडला. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला तेवढा पुरतो. लेझर प्रिंटर मात्र त्याच्यावर लावू नका, गरम होताना तो एकदम भार ओढतो.

त्रास यूपीएसचाही आहे, तो लपवत नाही. आतली बॅटरी बारा व्होल्ट, सात एएचची, इवलीशी. तिचं आयुष्य दोन-तीन वर्षं सांगतात, पण ते पंचवीस अंशांच्या हिशेबाने. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मेमध्ये खोलीतच चाळीसच्या आसपास असतं, तेव्हा दोन उन्हाळे काढले तरी खूप समजा. माझी पहिल्या उन्हाळ्यानंतर वीस मिनिटांवरून बारावर आली. शिवाय लाइन गेली की तो दर काही सेकंदांनी पीं पीं करतो, रात्री झोपलेल्या माणसाला ते नकोसं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटर आईच्या खोलीला लागून आहे, म्हणून मी लाइन गेली की काम सेव्ह करून मशीन बंदच करायला सांगितलं आहे.

दोन्ही एकापुढे एक जोडावेत का, असं बरेच जण विचारतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर चालतं, बॅकअपही वाढतो. स्क्वेअर वेव्हमागे यूपीएस लावला तर बहुधा तो ती वीज स्वीकारत नाही, बॅटरीवर जातो आणि ओरडत राहतो. मी माझा सरळ लाइनवर ठेवला आहे. इन्व्हर्टर आता कायम इकोवर असतो, बटनाला कोणी हात लावत नाही.

नुसता स्टॅबिलायझर घ्यायचा विचार असेल तर माझं मत नाही असंच आहे. व्होल्टेज उचलतो, पण लाइन गेली की तोही गेला. आणि नवीनच मशीन घ्यायचं असेल तर सरळ लॅपटॉप घ्या, त्याच्या पोटातच बॅटरी असल्याने हा सगळा प्रश्नच उरत नाही.

अर्थिंग मात्र दोन्हींना लागतं, आणि खेड्यात बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेला काहीच जोडलेलं नसतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्याकडे ते नाही असं समजा. आम्ही अंगणात कोळसा-मीठ भरून पाइप गाडला. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची माती सुटते, म्हणून आठवड्यातून दोनदा तिथे बादलीभर पाणी टाकतो. एकदा आमच्या लाइनमननेही डीपीवर चढून पाहिलं होतं. “भाऊ, न्यूट्रलची गाठ ढिली होती, आवळून देली,” म्हणाला. न्यूट्रल म्हणजे विजेची परतीची तार. ढिल्या न्यूट्रलने व्होल्टेज कमीच होतं असं नाही, एखाद्या घरात ते चारशेच्या जवळही जाऊ शकतं, आणि तिथे ना इन्व्हर्टरचा भरवसा ना यूपीएसचा. दिवे अचानक पांढरेफटक झाले की मेन स्विच पाडा.

तुमचं घर गावठाणात असेल, सायंकाळीही मल्टिमीटर दोनशेच्या वर राहत असेल आणि त्रास फक्त लाइन जाण्याचा असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवून भागेल, वेगळा खर्च कशाला? माझ्या घरी तसं नव्हतं. वावराकडच्या डीपीवर राहणाऱ्यांनी मात्र निदान एक आठवडा सायंकाळचे आकडे लिहून पाहावेत. १८० च्या खाली तीन-चारदा दिसले तर मी तरी यूपीएसच घ्या म्हणेन.

दुकानात गेल्यावर व्हीएच्या आधी एव्हीआर आहे का ते विचारा. ऑफलाइन प्रकारचा स्वस्त यूपीएसही मिळतो, पण त्याची तऱ्हा इन्व्हर्टरसारखीच. आणि घरी आणल्यावर कूलरच्या समोर ठेवू नका. आमचा पहिले तिथेच होता, ओलसर हवेने मागच्या पिना महिन्याभरात हिरव्या पडल्या. आता तो फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला आहे.