इन्स्टाग्रामचे टीन अकाउंट आणि पालकांची देखरेख: दोन मुलांच्या घरातून

परीक्षणाला सुरुवात करण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. माझी मुलगी बारा वर्षांची असताना तिच्या आतेभावाने तिला इन्स्टाग्रामवर खाते उघडून दिले आणि तेरा वर्षांच्या आत ते मिळत नसल्यामुळे जन्मसालाच्या जागी २००१ टाकले. ही गोष्ट मला त्याच दिवशी समजली होती. दिवाळीच्या गडबडीत मी ती हसण्यावारी नेली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात टीन अकाउंट, म्हणजे किशोरवयीनांसाठी आधीपासूनच बंधने घातलेले खाते, सुरू झाले, अठरा वर्षांखालील मुलांची खाती आपोआप त्यात जाऊ लागली आणि खरे वय लिहिलेल्या माझ्या मुलाचे खाते तसे गेलेही. मुलीचे मात्र जागचे हलले नाही, कारण त्या नोंदीनुसार ती तिच्या थोरल्या भावाहूनही मोठी होती. म्हणून ज्या पालकांना ही सोय वापरायची आहे, त्यांनी सर्वांत आधी मुलाच्या खात्यावरची जन्मतारीख पाहून घ्यावी. ती खोटी असेल तर यापुढे लिहिलेले काहीही उपयोगाचे नाही.

तारीख दुरुस्त झाल्यावर खात्यात जे बदल होतात, त्यांपैकी सर्वांत मोलाचा बदल सर्वांत कमी दिसणारा आहे. खाते खासगी होते, म्हणजे मुलीने होकार दिल्याशिवाय तिची छायाचित्रे कोणाला पाहता येत नाहीत, आणि ज्यांच्याशी तिची तेथे आधीपासून जोडणी नाही अशा माणसांना तिला थेट संदेश पाठवता येत नाही. उल्लेख आणि टॅग करण्यावरही अशीच मर्यादा येते. सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय यातली कोणतीही सेटिंग सैल करता येत नाही. मुलांच्या फोनविषयी बोलताना आपण पालक नेहमी ‘किती वेळ’ एवढेच मोजतो. परंतु ‘कोण आत येऊ शकते’ हा प्रश्न माझ्या मते अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर या सोयीने बऱ्यापैकी दिले आहे.

वेळेच्या बाबतीत मात्र नीट वाचून घ्यावे लागते, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या भासतात. टीन अकाउंटमध्ये दिवसाला ६० मिनिटे झाली की थांबण्याची आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत निद्रेची व्यवस्था सुरू असते. हे ऐकून अनेक पालकांचा असा समज होतो की दहानंतर इन्स्टाग्राम बंद पडते. प्रत्यक्षात त्या वेळेत फक्त सूचना मुक्या होतात आणि आलेल्या संदेशांना आपोआप उत्तर जाते. मुलाने स्वतःहून ॲप उघडले तर रील पाहायला कोणतीही आडकाठी नसते. साठ मिनिटांची आठवणही आठवणच असते. तिच्यावर बोट ठेवून पुढे जाता येते, आणि चौदा वर्षांच्या मुलीचे बोट त्या बाबतीत किती चपळ असते हे मी शेजारी बसून पाहिले आहे. खरोखरीचे कुलूप हवे असेल तर ‘पालकांची देखरेख’ ही इन्स्टाग्राममधलीच सोय वेगळी सुरू करावी लागते. त्यानंतर दिवसाची मर्यादा ठरवता येते, रात्री किंवा अभ्यासाच्या ठरावीक वेळी ॲप बंद ठेवता येते, आणि मर्यादा संपली की ते खरेच उघडत नाही.

देखरेख सुरू करण्यासाठी एका बाजूने निमंत्रण पाठवायचे आणि दुसऱ्या बाजूने ते स्वीकारायचे, अशी रचना आहे. वरवर पाहता ही ढिलाई वाटते, पण याच पायरीमुळे आमच्या घरात मोठा फरक पडला. सतरा वर्षांच्या मुलाने निमंत्रण दोन दिवस तसेच ठेवले आणि तिसऱ्या दिवशी जेवणानंतर अटी मांडल्या. बारावीचे वर्ष असल्यामुळे दिवसाला एक तास त्याला मान्य होता, पण रविवारी दोन तास हवेत, आणि दहा वाजता त्याचे बंद होणार असेल तर “आई, तुझ्या भिशीच्या ग्रुपचेही दहालाच बंद”. या अटी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिल्या गेल्या आणि खाली सह्या झाल्या. तोपर्यंत आमच्याकडे रोज रात्री साडेनऊला जे वाजत असे, ते आता महिन्यातून एकदा, मर्यादा बदलायची वेळ आली की वाजते. नकार रोज आईच्या तोंडून जाण्याऐवजी आधी ठरलेल्या वेळापत्रकातून जातो. माझ्या दृष्टीने या सोयीची खरी किंमत एवढीच आहे आणि ती कमी नाही.

देखरेखीत आणखी एक खिडकी आहे. मुलाने गेल्या सात दिवसांत कोणाकोणाशी संदेशांची देवाणघेवाण केली, ती नावे पालकांना दिसतात. मजकूर दिसत नाही. हे योग्यच आहे. आमच्या लहानपणी मैत्रिणींची आंतर्देशीय पत्रे वडील फोडून वाचत, तेव्हा काय वाटायचे हे मी विसरलेले नाही. अडचण वेगळीच आहे. मुले तेथे स्वतःच्या नावाने वावरत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मुलीच्या यादीत एक चंद्रकोर, दोन आडव्या रेघा आणि ‘उदास आत्मा’ असे नाव दिसल्यावर माझा जीव वर-खाली झाला. मुलीला विचारल्यावर ती व्यक्ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी निघाली. ही यादी संवादाला निमित्त म्हणून चांगली आहे. मुलांना न विचारता तिच्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या पालकाची फसगत होईल.

आता मर्यादा. ही सगळी व्यवस्था एका ॲपपुरती आहे, आणि मुलाने दुसऱ्याच जन्मतारखेने आणखी एक खाते उघडले तर तिला वळसा पडू शकतो. मुलाच्या शिकवणीवर्गाचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. तेथील सर गणिताचे प्रश्न रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतात आणि सकाळी सातला उत्तरे मागतात. इन्स्टाग्राम दहाला बंद करून काय साधले, असा प्रश्न मुलाने विचारला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. संपूर्ण फोनवर वेळेचे बंधन हवे असेल तर गूगलचे फॅमिली लिंक हे मोफत ॲप पाहावे. त्यात प्रत्येक ॲपला वेगळी मर्यादा देता येते आणि रात्रीसाठी फोनच बंद ठेवता येतो. मात्र मुलाच्या हातात अँड्रॉइड फोन असावा लागतो, आणि ते लहान मुलांसाठी जेवढे सोयीचे आहे तेवढे बारावीतल्या मुलाला पटवून देणे सोपे नाही.

यापेक्षा स्वस्त उपाय आमच्याच सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद राहतात. तेथे पालकांचे फोनही बंद होतात, आणि ती गोष्ट मला कोणत्याही ॲपच्या सेटिंगमध्ये सापडली नाही. शहरातल्या सदनिकांमध्ये असा भोंगा कोण वाजवणार, हा भाग वेगळा.

कायद्याच्या बाजूने सांगायचे तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले तरी कंपन्यांना तयारीसाठी मुदत देण्यात आली आहे. तोपर्यंत जन्मसालाचा रकाना प्रामाणिकपणे भरणे घरच्यांच्याच हाती आहे.

तेरा ते पंधरा वयाच्या मुलांच्या पालकांनी देखरेख आजच सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत ती बोलणी करूनच सुरू करावी. परस्पर फोन हातात घेऊन केलेली जोडणी टिकत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर देखरेख आपोआप संपते. माझ्या मुलाचा तो दिवस येत्या जूनमध्ये आहे, आणि सह्यांच्या त्याच कॅलेंडरवर त्याने त्या तारखेभोवती लाल पेनाने दोनदा गोल केला आहे.