टोपेकातील मन्रो शाळा: सावकाश पाहण्याचे संग्रहालय

कॅन्सस राज्याची राजधानी असलेल्या टोपेका शहरात मन्रो प्राथमिक शाळेची वीट आणि चुनखडी दगडातील दुमजली इमारत आहे. १९२६ साली बांधलेली ही शाळा शहरातील कृष्णवर्णीय मुलांसाठी राखून ठेवलेल्या चार प्राथमिक शाळांपैकी एक होती. १९७५ साली ती बंद झाली, १९९२ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि शाळांतील वर्णावर आधारित विभक्तता घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे १७ मे २००४ रोजी, ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. तो निकाल ज्या खटल्यात लागला, त्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्याच्या नावाने नॅशनल पार्क सर्व्हिस ही अमेरिकी सरकारची उद्यान संस्था आज हे स्थळ चालवते. प्रवेश विनामूल्य आहे.

येथे येणाऱ्या बहुतेकांची अपेक्षा असते की कृष्णवर्णीय मुलांची शाळा म्हणजे गळके छप्पर, मोडके बाक आणि फाटकी पुस्तके पाहायला मिळतील. प्रत्यक्षात उंच खिडक्या, रुंद मार्गिका आणि भक्कम जिने असलेली देखणी वास्तू समोर येते आणि पाहणारा थोडा गोंधळतो. माझ्या मते हा गोंधळ हेच या भेटीचे खरे फळ आहे. टोपेकातील विभक्त शाळा इमारत, अभ्यासक्रम आणि शिक्षकांची पात्रता या बाबतींत गोऱ्यांच्या शाळांच्या जवळपास बरोबरीच्या आहेत, असे कॅन्ससच्या जिल्हा न्यायालयानेच नोंदवले होते. त्यामुळे '१८९६ पासून चालत आलेले विभक्त पण समान हे तत्त्व इथे नीट पाळले गेले नाही' एवढे म्हणून सुटका करून घेण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाला उरली नाही. सोयी समान असल्या, तरी केवळ वर्णावरून मुलांना वेगळे बसवणे हाच अन्याय आहे का, या प्रश्नाला थेट सामोरे जावे लागले. वेगळे ठेवल्याने कृष्णवर्णीय मुलांवर अनिष्ट परिणाम होतो, हा कॅन्ससच्या न्यायालयाचा निष्कर्ष सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी १७ मे १९५४ च्या एकमताच्या निकालपत्रात उद्धृत केला. इतका सूक्ष्म कायदेशीर मुद्दा फलक वाचून जितका पटतो, त्याहून अधिक या मार्गिकांतून चालताना पटतो.

निकालपत्राला टोपेकाचे नाव मिळाले असले, तरी त्यात इतर ठिकाणचे खटलेही गोवलेले होते, आणि ते ठाऊक नसतील तर या देखण्या इमारतीमुळे चुकीचा समज होण्याचा धोका आहे. दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांसाठी ३० शाळाबस होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. तेथील पालकांची पहिली मागणी फक्त एका बसची होती. व्हर्जिनियातील फार्मव्हिल येथे डांबरी कागद लावलेल्या खोपटांत वर्ग भरत असत, आणि त्याविरुद्ध २३ एप्रिल १९५१ रोजी १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी संप पुकारला. डेलावेअरमधूनही दावे आले होते, आणि राजधानी वॉशिंग्टनच्या दाव्यावर त्याच दिवशी वेगळे निकालपत्र दिले गेले. २०२२ साली या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा देताना दक्षिण कॅरोलायनातील शाळांचाही त्यात समावेश झाला, ही उशिरा का होईना पण योग्य दुरुस्ती आहे.

आत आल्यावर आधी सभागृहातील माहितीपट पाहावा आणि मग दालनांकडे वळावे. खटल्यातील व्यक्तींची ओळख नसेल तर पुढचे फलक कोरडे वाटतात. ऑलिव्हर ब्राउन हे सांता फे रेल्वेत वेल्डर होते आणि चर्चमध्ये सहायक पाळक होते. त्यांची मुलगी लिंडा हिच्या घरापासून सम्नर शाळा सात ब्लॉकवर होती, पण ती गोऱ्या मुलांची असल्याने लिंडाला रेल्वेच्या यार्डातून चालत बसथांबा गाठून मन्रो शाळेत यावे लागे. टोपेकाच्या दाव्यात एकूण १३ पालक होते. ब्राउन हे त्यांतील एक, ही गोष्ट त्यांच्या नावाच्या प्रसिद्धीत सहज विसरली जाते.

'हॉल ऑफ करेज' या अरुंद मार्गाविषयी पालकांना आधीच सावध करतो. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर एकत्र शाळांना विरोध करणाऱ्या संतप्त जमावाची त्या काळातील चित्रणे चालू असतात आणि पाहणाऱ्याला त्या आरडाओरड्यातून चालत जावे लागते. लहान मुले घाबरू शकतात. मला स्वतःला अशा योजनाबद्ध परिणामांविषयी एरवी फारसे प्रेम नाही, कारण त्यांत अनुभवाचा आभास असतो आणि विचाराला वाव कमी राहतो. तरीही १९५७ साली आर्कान्सातील लिटल रॉकच्या, तोवर गोऱ्यांच्याच असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश करता यावा म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक का पाठवावे लागले, हे या मार्गातून गेल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जुन्या काळाप्रमाणे मांडलेला बालवर्ग मात्र मुलांना हमखास आवडेल.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटला तो निकालानंतरच्या भागाला, आणि इथे रेंजरची, म्हणजे उद्यानाच्या माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याची, मदत अवश्य घ्यावी. कारण हा भाग गुंतागुंतीचा आहे आणि कोणत्याही भिंतीवरच्या फलकात तो पुरता मावणारा नाही. टोपेकाच्या शिक्षण मंडळाने निकालाच्या आधीच, सप्टेंबर १९५३ मध्ये, प्राथमिक शाळांतील विभक्तता संपवण्याचा ठराव केला होता. वरवर पाहता हा समंजसपणा वाटतो. पण त्याच वर्षी मार्च महिन्यात शहराच्या शिक्षण अधीक्षकांनी एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र पाठवून कळवले होते की न्यायालयाने विभक्तता घटनाबाह्य ठरवली, तर गोऱ्या मुलांना शिकवण्यासाठी कृष्णवर्णीय शिक्षक नेमणे शहरातील बहुसंख्य लोकांना नको असेल, असे गृहीत धरून मंडळ पुढे जाईल. म्हणजे मुलांसाठी दार उघडत असतानाच त्यांच्या शिक्षकांसाठी ते बंद होत होते. दक्षिणेकडील आणि सीमेवरील १७ राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज नेहमी दिला जातो. हे शिक्षक त्या त्या वस्तीतील सुस्थिर पगाराचे, प्रतिष्ठेचे आणि नेतृत्वाचे आधार होते. मुलांच्या घरची परिस्थिती त्यांना ठाऊक असे. एकत्रीकरणाच्या नावाखाली ज्या शाळा बंद झाल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या होत्या, आणि दूरच्या शाळेत बसने जाण्याचा भारही पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच मुलांवर पडला. निकाल चुकीचा होता असा याचा अर्थ मुळीच नाही. पण त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली, हे न सांगता केवळ विजय सांगणे अर्धवट ठरेल.

गोऱ्या वस्त्यांतील प्रतिकाराचेही अनेक प्रकार होते. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. १९७४ साली बॉस्टनमध्ये दोन्ही वर्णांच्या मुलांना एकत्र आणण्यासाठी त्यांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळांत नेण्याच्या आदेशावरून दगडफेक झाली, आणि त्याच वर्षी मिलिकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या उपनगरांना शहराच्या शाळा-एकत्रीकरण योजनेत ओढण्यास नकार दिल्यामुळे उपनगरात राहायला जाणे हीच अनेक कुटुंबांची पळवाट झाली. खुद्द टोपेकातही १९७९ साली हा खटला पुन्हा उघडला गेला. या वेळी पालकांच्या बाजूने लिंडा ब्राउन स्वतः आई म्हणून उभी होती, आणि प्रकरण १९९९ सालापर्यंत चालले. पहिल्या निकालापासून ४५ वर्षे!

पाचपैकी साडेचार तारे द्यायला मला संकोच वाटत नाही. अर्धा तारा राखून ठेवला, तो वाचनाचा भार बराच आहे म्हणून. ज्यांना फलक वाचायचा कंटाळा आहे, त्यांनी माहितीपट आणि रेंजरशी गप्पा यांवरच भर द्यावा. एकंदर दोन तास तरी हाताशी ठेवावेत. मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागून घ्यावी. वाहन असेल तर नंतर सम्नर शाळेची इमारतही बाहेरून पाहून यावी. ती उद्यानाच्या ताब्यात नाही, पण दोन्ही इमारती एकाच दिवशी पाहिल्या की लिंडाचा रोजचा फेरा किती निरर्थक होता हे कळते. कॅन्सस सिटीहून मोटारीने साधारण तासाभरात टोपेकाला पोहोचता येते. उघडण्याचे दिवस आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर त्या तपासून घ्याव्यात, आणि मोठ्या गटाने जायचे असेल तर आधी कळवावे.