सुतकातला डबा : डोंबिवलीच्या एका पोळीभाजी केंद्राचा अनुभव

गेल्या डिसेंबरात आमच्या एका मैत्रिणीचे यजमान अचानक गेले. तिचे घर डोंबिवली पूर्वेला टिळकनगरात आणि आम्ही बाकीच्या तिघी ठाणे, मुलुंड व बदलापूर अशा तीन दिशांना. लोकलच्या महिला डब्यात मटार सोलता सोलता जमलेली ही मैत्री नोकऱ्या संपल्यावरही टिकली आहे. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठले-भात आणून कडू घास दिला. प्रश्न पुढच्या बारा दिवसांचा होता. घरात ती, तिचा मुलगा आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. आम्ही आळीपाळीने स्वयंपाक करायचे ठरवले खरे, पण दुसऱ्याच दिवशी लक्षात आले की आलेली मैत्रीण ओट्याशी उभी राहते आणि जिच्यासाठी ती आली ती बाहेरच्या खोलीत एकटीच भिंतीकडे पाहत बसते. म्हणून त्याच भागातल्या, दोघी जावा घरातूनच चालवतात त्या पोळीभाजी केंद्राचा डबा लावला. जाहिरात नको, आहेत तेवढे डबे पुरेत, असे त्यांनीच सांगितल्यामुळे नाव येथे देत नाही.

फोनवर मी फक्त तिघांचा डबा हवा आणि मीठ-तिखट बेताचे असावे, एवढेच म्हटले. त्यावर पलीकडून विचारणा झाली, "सुतकातला आहे का?" मी होय म्हणताच थोरल्या जाऊबाईंनी एकेक गोष्ट विचारून घेतली : तुमच्याकडे या दिवसांत फोडणी चालते का, कांदा-लसूण चालतो का, कोणाला मधुमेह किंवा दातांचा त्रास आहे का. सुतकातले नियम घराघरांत वेगळे असतात; कोठे फोडणी वर्ज्य, कोठे फक्त तळण, कोठे यातले काहीच पाळत नाहीत. ते गृहीत न धरता विचारून घेणे, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

जेवणाविषयी सांगायचे तर भात उत्तम. आंबेमोहोर तांदळाचा, चमच्याने घोटला तर गुरगुट्या होईल इतका मऊ, आणि सोबत एका लहान डबीत घरी केलेले मेतकूट. डाळी नीट खरपूस भाजलेल्या होत्या, हिंग आणि सुंठ जाणवत होती, आणि विकतच्या मेतकुटात पुष्कळदा येतो तो कच्च्या पिठाचा वास अजिबात नव्हता. दोन दिवस चहाखेरीज काही न घेतलेल्या आमच्या मैत्रिणीने तिसऱ्या दिवशी मेतकूट-भाताचे चार घास खाल्ले. त्या भातावरूनच बोलणे निघाले. मुलुंडच्या मैत्रिणीला तापातून उठल्यावर आई देई ती उकड्या तांदळाची पेज आठवली, तर मूळच्या सोलापूरच्या बदलापूरकरणीने हुलग्याच्या माडग्यापुढे तुमचे मेतकूट फिके आहे असे ठणकावून सांगितले. मग रविवारचा मेगाब्लॉक, इमारतीच्या पुनर्विकासाची रखडलेली सभा, सुनेची नवी नोकरी असे नेहमीचे विषय निघाले. ती फारसे बोलली नाही, पण उठूनही गेली नाही. सांत्वनाला येणारे बहुतेक लोक गेलेल्या माणसाच्या शेवटच्या दिवसाची चौकशी करत आणि ती तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगत असे. त्यापेक्षा गॅसचे बुकिंग केव्हा केले, हा प्रश्न तिला सोपा जात होता.

उणिवाही आहेत. भाकरी दुपारी मऊ असते, पण संध्याकाळच्या डब्यातली हमखास वातड निघते, आणि ती सासूबाईंना चावत नाही हे दोनदा कळवूनही फरक पडला नाही. एकदा पिठल्यात गाठी होत्या. तूप इतके मोजून की ते भातावर घेतले आहे हे सांगावे लागावे. रविवारी संध्याकाळी केंद्र बंद असते, हेही आम्हाला रविवारी दुपारीच कळले.

आठव्या दिवशी मोठी चूक झाली. डब्यांची अदलाबदल होऊन आमच्याकडे कोणाच्या तरी वाढदिवसाचा, पुरी-श्रीखंडाचा डबा आला. गोडाचा दिवस व्हायच्या आत त्या घरात श्रीखंड! मी घाईने झाकण लावत होते, तोच ती म्हणाली, "राहू दे गं. ह्यांना श्रीखंड कधी आवडलंच नाही. लग्नाच्या पंगतीत मी घास भरवला तर तोंड वाकडं केलं होतं." मग त्या पंगतीविषयी, रुसलेल्या आत्येसासूबाईंविषयी ती पाऊण तास बोलत होती. तरीही चूक ती चूकच. धाकट्या जाऊबाई अर्ध्या तासात बरोबर डबा घेऊन स्वतः आल्या, दारातच उभ्या राहून त्यांनी क्षमा मागितली आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. जाताना सवयीने ओठांवर आलेले "येते" त्यांनी गिळले, हे मी पाहिले.

माणशी ११० रुपये हा दर घरगुती चवीच्या मानाने रास्त आहे. तेराव्याचे पान त्या करत नाहीत, तेवढी सोय वेगळी करावी लागते. सुतक नसतानाही आजारपणात किंवा बाळंतिणीच्या घरी हा डबा लावायला हरकत नाही. मात्र फोनवर सगळे सविस्तर सांगावे आणि रात्रीसाठी भाकरीऐवजी पोळीच मागावी.

रिकामा डबा परत करू नये म्हणून चौदाव्या दिवशी तिने तिन्ही डबे घासून त्यांत साखर घालून पाठवली. मुलगा आता पुण्याला परत गेला आहे, सासूबाई काही दिवसांसाठी नणंदेकडे आहेत, आणि ती बुधवारी व शनिवारी अर्धा डबा मागवते. अर्ध्या डब्याला ७० रुपये घेऊनही त्यात मेतकुटाची डबी देत नाहीत, हे केंद्राने बदलावे.